मिलिटरी ट्रकचा दुसरा लिव्हर का अडतो? (साधी यंत्रे – पूरक पाठ)



सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘साधी यंत्रे’ हा पाठ आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर ही नावं मुलं पटापट सांगतात. अडकित्ता, कात्री, विहिरीची कप्पी ही उदाहरणंही तोंडपाठ असतात. पण पुस्तकातलं यंत्र कधी बिघडत नाही. घरातलं मात्र रोज काही ना काही बिघडतं. पंप पाणी उचलत नाही, फवारणीचा पंप दाब धरत नाही, सायकलची चेन उतरते. अशा वेळी मूल काय करतं? जे मोठे करतात तेच. दोन धपाटे घालतं, नाहीतर सगळंच खोलून बसतं. बिघाड कुठे आहे हे आधी शोधायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून हा पूरक पाठ. निमित्त होतं 26 जानेवारीच्या संचलनाचं. टीव्हीवर लष्कराच्या गाड्या बघून एका मुलाने विचारलं, “सर, माझे मामा मिलिटरीत ड्रायव्हर आहेत. ते म्हणतात त्यांच्या गाडीला गिअरचे दोन लिव्हर असतात. दुसरा कशाला?” प्रश्न इतका चांगला होता की त्यावर तीन तासिका गेल्या. त्यातलं उपयोगी ते इथे देतो आहे. मिलिटरी ट्रक आपल्या दारात नसला तरी पुसेगावसारख्या गावात ट्रॅक्टर घरोघरी आहे, त्यामुळे अडचण येत नाही.

सुरुवात ट्रॅक्टरपासून

ट्रॅक्टरला मुख्य गिअरच्या लिव्हरशेजारी हाय-लोचा लिव्हर असतो. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या माहितीत ‘8 + 2 गिअर’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ मुलांना विचारा. गिअरबॉक्समध्ये पुढचे 4 आणि मागचा 1 गिअर. हाय आणि लो असे दोन टप्पे. म्हणून 4 × 2 = 8 आणि 1 × 2 = 2. गुणाकाराचं इतकं सरळ उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. नांगरटीला लो, रस्त्याने ट्रॉली न्यायची तर हाय, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावं लागत नाही.

लष्करी ट्रकचा दुसरा लिव्हर हेच काम करतो, आणि आणखी एक काम करतो. साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून लांब दांड्याने म्हणजे प्रोपेलर शाफ्टने फक्त मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं नुसती ढकलली जातात. लष्करी ट्रकला रस्ता मिळेलच याची खात्री नसते. वाळू, बर्फ, नदीचं पात्र, पावसाळ्यातली आपल्याकडच्यासारखी काळी माती. म्हणून त्याच्या पुढच्या चाकांनाही जोर द्यावा लागतो. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढे आणि मागे वाटून देणारी जी लोखंडी पेटी असते तिला ट्रान्सफर केस म्हणतात. चारही चाकांना जोर म्हणून ‘फोर बाय फोर’. सहा चाकी असेल तर ‘सिक्स बाय सिक्स’. मागच्या जोडचाकांना इथे एकच चाक धरतात, हे सांगायला विसरू नका, नाहीतर मुलं टायर मोजून भांडतात.

म्हणजे ट्रान्सफर केसकडे दोन कामं. पुढची चाकं जोडणं-सोडणं, आणि हाय-लो बदलणं. काही गाड्यांत या दोन कामांना दोन वेगळे लिव्हर असतात, काहींत एकच. काही ट्रकमध्ये लिव्हरऐवजी छोटं बटण असतं आणि हवेच्या दाबावर पेटीतला गिअर बदलतो.

लोमध्ये काय वाढतं?

इथे सगळी मुलं एकच उत्तर देतात: “इंजिनाची ताकद वाढते.” मोठी माणसंही हेच म्हणतात. ते बरोबर नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं. चढाला बैलांची दुसरी जोडी जुंपली तर ताकद खरंच वाढते, कारण बैल वाढले. लो गिअर टाकल्यावर इंजिन तेच, डिझेल तेच. वाढतो तो चाकावरचा जोर, म्हणजे बल. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. जोर दुप्पट, तर वेग निम्मा. उतरणीच्या फळीवरून पोतं चढवताना जोर कमी लागतो पण अंतर जास्त कापावं लागतं, तोच हिशेब.

खरे आकडे दिले की मुलांना मजा येते. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप घ्या. तिच्या पहिल्या गिअरचं प्रमाण सुमारे 2.67, ट्रान्सफर केसच्या लोचं 1.97 आणि चाकांच्या आसावरच्या गिअरचं 4.88. तिन्हींचा गुणाकार करायला लावा. साधारण 25.7 येतो. म्हणजे इंजिन 25-26 फेरे मारणार तेव्हा चाक एक फेरा फिरणार. हायमध्ये ट्रान्सफर केसचं प्रमाण 1 असतं, म्हणून तिथे हाच गुणाकार फक्त 13 च्या आसपास येतो. दशांश गुणाकाराचा सराव आपोआप होतो.

आपल्याकडच्या गाड्या

ही विलीज जीप पुढे महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत आणली. आज गावाकडे दिसणाऱ्या जुन्या जीपा तिच्याच वंशातल्या. मोठ्या ट्रकमध्ये भारतीय सैन्यात सर्वांत गाजलेलं नाव शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीकडून परवाना घेऊन 1950 च्या दशकाच्या शेवटी जबलपूरला तो बनायला लागला आणि कित्येक वर्षं सैन्याचा भार त्याने ओढला. त्यानंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन आला. महाराष्ट्रातली दोन ठिकाणं मुलांना नकाशात दाखवा. अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे, जिथे लष्करी गाड्यांवर संशोधन होतं आणि त्यांच्या चाचण्या होतात. पुण्याजवळ खडकीला 512 आर्मी बेस वर्कशॉप आहे. सैन्यातली दुरुस्ती करणाऱ्या दलाचं नाव ईएमई. बंदूक न चालवता पाना चालवूनही सैनिक होता येतं, ही गोष्ट आपल्या भागातल्या पुष्कळ मुलांना माहीतच नसते. आपलं हिंगोली शहर निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटचं लष्करी ठाणं होतं. तेव्हा अर्थात घोडे आणि बैल होते, ट्रान्सफर केस नव्हती.

आता मूळ विषयावर येऊ.

लिव्हर अडतो म्हणजे काय होतं? दोन कंगवे आणा

ट्रान्सफर केसमध्ये गिअर बदलतो म्हणजे दात असलेलं एक कडं सरकून दुसऱ्या दातेरी चाकात अडकतं. यासाठी मॉडेल नको, दोन सारखे कंगवे पुरेत. दात समोरासमोर धरून एकमेकांत घालायला सांगा. कधी पटकन जातात. कधी दाताच्या टोकावर दाताचं टोक येतं, मग कितीही दाबा, जात नाहीत. अर्धा दात बाजूला सरकवला की लगेच जातात. हा पहिला अडथळा. गाडी उभी असताना लिव्हर लोमध्ये जात नसेल तर बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं. क्लच एकदा सोडून पुन्हा दाबला, किंवा गाडी हातभर पुढे घेतली, की काम होतं.

आता कंगवे एकमेकांत अडकलेले असताना एका मुलाने एक कंगवा डावीकडे आणि दुसऱ्याने दुसरा उजवीकडे ओढून धरायचा. तिसऱ्याने ते सुटे करून दाखवायचे. निघत नाहीत! ओढणं थांबवलं की अलगद निघतात. हा दुसरा अडथळा, आणि मोठ्या ट्रकमध्ये लिव्हर बाहेर न येण्याचं हे फार मोठं कारण. दात खराब नसतात, ते ताणाखाली घट्ट बसलेले असतात.

हा ताण येतो कुठून? यासाठी मुलांना मैदानात न्या. सायकलची दोन्ही चाकं पाण्यातून किंवा चिखलातून फिरवा आणि कोरड्या जागेवर वळण घ्या. जमिनीवर दोन रेघा उमटतात. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून जाते, मागच्याची आतून. दोरीने दोन्ही मोजा. पुढची लांब भरते. म्हणजे वळणावर पुढचं चाक जास्त अंतर चालतं.

ट्रकचा हिशेब मोठ्या वर्गांसाठी. पुढच्या-मागच्या चाकांत 4 मीटर अंतर आहे आणि मागची चाकं 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर आहेत असं धरा. पायथागोरसने पुढच्यांची त्रिज्या येते साधारण 10.77 मीटर. पाव वर्तुळ फिरताना मागची चाकं 15.7 मीटर चालली तर पुढची 16.9 मीटर. फरक सव्वा मीटरच्या जवळपास. पण ट्रान्सफर केसने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधून ठेवलेला आहे, दोघांनी सारखेच फेरे मारायचे. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरून जातो. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नाही. मग ओला टॉवेल पिळावा तसे शाफ्ट पिळले जातात, आणि तो पीळ दातांवर बसतो.

वळण न घेताही हे होऊ शकतं. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील तर? समजा नव्या टायरचा व्यास 100 सेंमी आहे आणि झिजलेल्याचा 98. एक किलोमीटरमध्ये नवा टायर सुमारे 318 फेरे मारतो, झिजलेला सुमारे 325. साडेसहा फेऱ्यांचा फरक, तोही सरळ रस्त्यावर. म्हणून फोर बाय फोर गाडीला चारही टायर सारखे असावे लागतात. हवासुद्धा सारखी हवी. (नवीन पद्धतीच्या काही ट्रकमध्ये ट्रान्सफर केसच्या आतच डिफरन्शियल असतं, ते हा फरक सांभाळून घेतं. पण त्याचं लॉक लावून डांबरी रस्त्यावर चालवलं की गत तीच.)

पीळ काढायचा उपाय काय असेल, हे मुलांना विचारा. आमच्याकडे एका मुलीने क्षणात सांगितलं, “जसा पिळला तसा उलटा सोडायचा.” बरोबर. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी मागे घ्यायची आणि लिव्हर हलका ओढून धरायचा. नाहीतर मऊ जमिनीवर घ्यायची. ताण उतरला की लिव्हर स्वतःहून निघतो. इथे लिव्हरला लाथ मारली किंवा पाईप लावून जोर केला तर पेटीच्या आतला काटा वाकतो. तो बदलायला अख्खी पेटी उतरवावी लागते.

बिघाडच आहे, तर कुठे?

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा असं सुचवेन. नियम एकच: पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारायचे.

लिव्हर आत जात नाही की बाहेर येत नाही? बाहेर येत नसेल तर पिळाचा संशय आधी. आत जात नसेल तर टोकाला टोक, किंवा मग कुलूप. कुलूप म्हणजे काय? विलीज जीपमध्ये पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडतच नाही, तशी सोय मुद्दाम केलेली असते. लोमधला सगळा जोर एकट्या मागच्या आसावर आला तर तो मोडेल म्हणून. नवख्या ड्रायव्हरला वाटतं लिव्हर खराब आहे. खरं तर गाडी स्वतःला वाचवत असते. म्हणून डॅशबोर्डवरची सूचनांची पट्टी आधी वाचायची.

मुख्य गिअरही करकर करत पडतात का? पडत असतील तर दोष ट्रान्सफर केसचा नाही, क्लच पूर्ण सुटत नसणार. मुख्य गिअर लोण्यासारखे पडतात आणि फक्त दुसराच लिव्हर अडतो, तर मग ट्रान्सफर केसकडे वळायचं. एका प्रश्नात अर्धं यंत्र संशयातून बाहेर गेलं. मुलांना हे फार आवडतं. वीस प्रश्नांत नाव ओळखण्याच्या खेळासारखं आहे.

लिव्हर सहज हलतो पण गाडीत काहीच बदल होत नाही? मग मध्ये कुठेतरी जोड सुटला आहे. ड्रायव्हरच्या हातापासून पेटीपर्यंत सळया, पिना आणि बुश असतात. एखादी स्प्लिट पिन पडली की हात हलतो, पेटीला पत्ताच नसतो.

लो पडतो पण जोर आला की उडून न्यूट्रलमध्ये येतो? मग दात पूर्ण अडकतच नाहीत. सळईची लांबी बिघडली आहे आणि लिव्हर आधीच फरशीच्या पत्र्याला टेकतो, बुश झिजले आहेत, जागेवर धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग कमजोर झाली आहे किंवा दातांची टोकं गोल झाली आहेत. यातलं सळईचं काम अर्ध्या तासाचं, दातांचं काम मोठं. साहजिकच आधी सळई बघायची. इंजिन किंवा पेटी ज्या रबरी तुकड्यांवर बसलेली असते ते बसले तरी सळईचं माप बिघडतं, हे मात्र अनुभवी मिस्त्रीच्याच लक्षात येतं.

आता सगळ्यात कामाची परीक्षा. इंजिन बंद, मुख्य गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. पेटीला जिथे सळई जोडलेली असते तिथली पिन काढायची आणि पेटीवरचा आखूड दांडा पान्याने हलवून बघायचा. तो सहज हलला तर पेटी निर्दोष, दोष वरच्या सळयांत: गंज, चिखल, वाकलेली सळई, कोरडे बुश. ग्रीस आणि ब्रशने काम होऊ शकतं. तो दांडाच अडला तर दोष आत. मात्र आत ‘टोकाला टोक’ असू शकतं, म्हणून गिअरबॉक्स आणि पेटीमधला आखूड शाफ्ट हाताने जरासा फिरवून पुन्हा बघायचं. मगच पेटी खोलायचा निर्णय. त्याआधी ऑईल काढून बघायचं. पातळी कमी आहे का? प्लगला लोखंडाचा कीस चिकटला आहे का? बारीक भुकटी असेल तर ती वापरातली झीज, तुकडे निघाले तर दात गेले समजा.

हवेवर चालणाऱ्या गिअरची परीक्षा याच धर्तीवर. टाकीत पुरेसा दाब आहे का, ते काट्यावर बघायचं. सूं आवाज येतो का, ते ऐकायचं. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की गळती सापडली. मुलं सायकलचं पंक्चर असंच शोधतात. मग पेटीकडचा नळीचा जोड थोडा सैल करून, बटण दाबल्यावर तिथपर्यंत हवा येते का ते बघायचं. आली नाही तर दोष मागे, नळीत किंवा बटणात. आली तरी गिअर बदलत नाही, तर दोष पुढे, सिलिंडरमध्ये किंवा काट्यात. टाकीतलं साचलेलं पाणी रोज सोडावं लागतं. थंड प्रदेशात ते नळीत गोठतं आणि सकाळी गिअर पडत नाही.

पालकांनी हा भाग नक्की वाचावा

ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असतो. तो लागलेला असेल तर इंजिन आणि चाकं यांचा संबंध पूर्ण तुटतो. अशा वेळी मुख्य गिअर पहिल्यात टाकून गाडी उभी केली तरी ती उतारावर घसरू शकते, कारण गिअर चाकांपर्यंत पोचतच नाही. ट्रॅक्टरच्या हाय-लो लिव्हरलाही मधली जागा असते. “गिअरमध्ये आहे, कुठे जाणार?” असं म्हणून बांधावर उभा केलेला ट्रॅक्टर सुटतो तो यामुळेही. ट्रॉलीवर मुलं बसलेली असतात, चाकाजवळ कुणी पाणी पीत असतं. हँडब्रेक ओढणं आणि चाकाला दगड लावणं या दोन गोष्टी गिअरवर भरवसा ठेवून सोडायच्या नाहीत. अडलेला लिव्हर हलवताना तर मुळीच नाही, कारण तो नेमका न्यूट्रलमध्ये येऊन सुटण्याचीच शक्यता असते. गाडीखाली माणूस असताना वर दुसऱ्याने लिव्हरला हात लावायचा नाही.

हे मी मुलांना चित्र काढून दाखवलं आणि घरी जाऊन आपल्या ट्रॅक्टरचा मधला न्यूट्रल वडिलांकडून, इंजिन बंद असताना, बघून या असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत आले. “सर, आम्हीपण कधी असा विचार केला नव्हता,” म्हणाले. एकाने तर लिव्हरवर मधल्या जागेला लाल पट्टी चिकटवली.

मूल्यमापनासाठी एक कोडं

शेवटच्या तासिकेला मी गटांना ही हकीकत दिली. ट्रक नदीच्या वाळूतून फोर बाय फोर लोमध्ये बाहेर आला. पुढे दोन किलोमीटर वळणांचा डांबरी घाट तसाच चढला. वर थांबल्यावर लिव्हर हलेना. मुख्य गिअर नीट पडत होते. मागचे दोन टायर जुने होते. सकाळी हाच लिव्हर सहज पडला होता. प्रत्येक गटाने आधी कोणता प्रश्न सुटला, कोणता संशय उरला आणि पहिली कृती कोणती, हे तीन ओळींत लिहायचं. पाचपैकी चार गटांनी ‘पीळ’ लिहिलं आणि गाडी सरळ मागे घ्या असं सांगितलं. पाचव्या गटाने पेटी खोला असं लिहिलं. त्यांना बाकीच्या मुलांनीच विचारलं, “सकाळी सहज पडला होता ना, मग खोलता कशाला?” गट थोडा वेळ गप्प बसला, मग त्यांनी आपली ओळ खोडून खाली लिहिलं: ‘आधी दगड लावा, मग मागे घेताना दगड काढा.’ या ओळीवरही बराच वेळ हसणं आणि वाद चालला.